फोन घरी ठेवून चालायला गेलं की नेमकं काय बदलतं?

रोज अर्धा तास, एकाच रस्त्याने, सारख्याच वेगाने चालणारी दोन माणसं घेऊ. एकाच्या कानात इअरबड आणि हातात फोन आहे, दुसऱ्याकडे दोन्ही नाहीत. हृदय, फुप्फुसं आणि पायांचे स्नायू यांच्या हिशेबात दोघांची कमाई जवळपास सारखीच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते. त्या मोजणीत कानात काय वाजत होतं, याला काही जागा नाही.

फरक पडतो तो लक्षाच्या बाबतीत. पहिल्याचं लक्ष अर्धा तास कामावर जुंपलेलंच होतं: ऐकणं, समजून घेणं, उत्तर देणं, पुढचं गाणं निवडणं. दुसऱ्याचं सुटलं होतं. हे सुटणं दिसायला काहीच नसतं, म्हणून ते कमी महत्त्वाचं वाटतं. आमच्या मते चालण्याचा निम्मा फायदा तिथेच आहे, आणि तो फुकट घालवला जातो.

लक्ष थकतं म्हणजे काय होतं?

आपण दोन तऱ्हांनी लक्ष देतो. एक, मुद्दाम. हिशेब तपासताना, कंटाळवाणा मजकूर वाचताना, गोंगाटात एकाचंच बोलणं ऐकताना मेंदू बाकीच्या गोष्टी जोर लावून बाजूला सारतो. दुसरं लक्ष आपोआप जातं: हलणारी पानं, ढग, पाण्यावरची चमक, दूरवर चाललेला माणूस. याला जोर लागत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ मध्ये यावर सविस्तर मांडणी केली. पहिल्या प्रकारचं लक्ष वापराने थकतं आणि दुसऱ्या प्रकारचं चालू असताना ते भरून येतं, असा तिचा गाभा आहे. लक्ष थकल्याची खूण म्हणजे झोप येणं नव्हे. एकच ओळ तीनदा वाचावी लागते, क्षुल्लक गोष्टीवर चिडचिड होते, साधा निर्णय घ्यायचा कंटाळा येतो.

याच विद्यापीठात २००८ मध्ये मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी ३८ जणांना सुमारे ५० मिनिटं चालायला लावलं, एकदा झाडांच्या बागेतून आणि एकदा गजबजलेल्या शहरी रस्त्यावरून. चालण्याआधी आणि नंतर आकड्यांची मालिका ऐकून उलट्या क्रमाने सांगायची परीक्षा होती. बागेतल्या फेरीनंतर गुण ठळकपणे वाढले, रस्त्यावरच्या फेरीनंतर तसे वाढले नाहीत. थंडीत चालणाऱ्यांना फेरी फारशी आवडली नव्हती, तरी त्यांचेही गुण वाढले. म्हणजे मूड छान झाला म्हणून गुण वाढले, एवढ्यावर हे भागत नाही.

मग फोन घेऊन बागेत गेलं तर? बिन जियांग आणि विल्यम सलिव्हन यांच्या गटाने २०१९ मध्ये छापलेल्या प्रयोगात हेच पाहिलं. थकवणारं काम दिल्यावर लोकांना १५ मिनिटांची विश्रांती दिली. काहींना हिरव्या जागेत बसवलं, काहींना उजाड जागेत, आणि दोन्हीकडे निम्म्यांच्या हातात लॅपटॉप दिला. हिरव्या जागेत, लॅपटॉपशिवाय बसलेल्यांचीच लक्ष देण्याची क्षमता सुधारली. हिरव्या जागेतल्या सगळ्यांसमोर झाडं होती, पण डोळे पडद्यावर असलेल्यांना त्यांचा उपयोग झाला नाही. प्रयोग लॅपटॉपचा आणि बसून घेतलेल्या विश्रांतीचा होता हे खरं, पण चालताना फोनकडे पाहिलं तर वेगळं काही होईल असं मानायला कारण दिसत नाही.

इथे गाणी आणि बोलणं यांच्यात फरक करायला हवा. पॉडकास्ट, बातम्या, व्याख्यान, फोनवरचं संभाषण यांत भाषा समजून घ्यावी लागते, आणि ते काम मुद्दाम दिलेल्या लक्षाशिवाय होत नाही. शब्द नसलेलं, ओळखीचं, हळू आवाजातलं संगीत त्या मानाने बरंच हलकं पडतं. त्यामुळे सगळं एकदम सोडणं जड जात असेल, तर बोलण्याचं आधी सोडावं आणि संगीत नंतर.

रिकामं मन काय करत असतं?

बाहेरचं काम थांबलं की मेंदू बंद पडत नाही. २००१ मध्ये मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, माणूस काहीच विशेष करत नसताना मेंदूचे काही ठरावीक भाग अधिक सक्रिय असतात आणि बाहेरचं काम सुरू झालं की त्यांची क्रिया मंदावते. भूतकाळातले प्रसंग जोडणं, उद्याची कल्पना करणं, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं, ही या भागांची कामं. दिवसभर पडद्यासमोर असलेल्या माणसाला या कामासाठी सलग वेळच मिळत नाही. लिफ्टची वाट, रांग, जेवणानंतरची पाच मिनिटं, सगळीकडे फोन येऊन बसला आहे. चालणं हा उरलेला मोठा सलग तुकडा, आणि तोही कानातल्या आवाजाने भरून टाकला तर हे काम ढकलत ढकलत रात्री अंथरुणावर येतं.

चालण्यातून कल्पना सुचतात याला मोजमापाचा आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या २०१४ च्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना जास्त आणि जास्त नव्या कल्पना सुचल्या. सरासरी वाढ ६० टक्क्यांच्या आसपास होती. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला, आणि चालून आल्यावर बसल्या जागी तो काही वेळ टिकला. मात्र ज्या प्रश्नाला एकच अचूक उत्तर असतं, त्यात चालणाऱ्यांची कामगिरी किंचित घसरली. तेव्हा ताळेबंदातली चूक शोधायची असेल तर टेबलाशी बसा. 'याला दुसरा काय मार्ग असू शकेल?' असा प्रश्न असेल तर चालायला जा. निघताना असा एकच प्रश्न मनात एकदा स्पष्ट शब्दांत म्हणावा आणि सोडून द्यावा. वाटभर त्याला धरून ठेवलं की ते पुन्हा मुद्दाम लक्ष देणंच होतं.

खिशातला गप्प फोन

'फोन बरोबर असतो, पण मी बघत नाही' असं बरेच जण सांगतात. न बघताही तो लक्ष खातो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये लोकांना सतत लक्ष द्यावं लागेल असं काम दिलं आणि मध्येच त्यांच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवले. कुणी फोन उचलला नाही, पाहिलाही नाही. तरीही चुका वाढल्या, आणि ती घसरण प्रत्यक्ष फोन वापरल्यावर होते तितक्याच पातळीची होती. कारण सूचना कळली की 'कुणाचा असेल, काय असेल' ही विचारांची साखळी सुरू होते, मग हात खिशात जावो न जावो. थरथर म्हणजे व्हायब्रेशनही सूचनाच आहे, म्हणून सायलेंटवर ठेवून थरथर चालू ठेवण्यात काही मिळत नाही.

नुसता बंद फोन जवळ असण्याचाही परिणाम होतो का, यावर प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. म्हणून आम्ही त्यावर जोर देत नाही. व्यवहारातला मुद्दा साधा आहे. जो फोन दोन सेकंदांत हातात येतो, तो येतोच. कंटाळ्याचा पहिला क्षण आला की बोटं आपोआप खिशाकडे जातात, आणि तो क्षण पार पडण्यातच सगळं आहे.

कानांचं काम

मागून येणारी सायकल उजवीकडून येते आहे की डावीकडून, हे आपल्याला न बघता कळतं. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी उशिराने. मेंदू तेवढा फरक ओळखतो. त्याशिवाय डोकं आड आल्यामुळे दूरच्या कानात उंच सूर मंद होतात. आणि आवाज पुढून आला की मागून, वरून की खालून, हे कानाच्या पाळीच्या वळणांमुळे समजतं, कारण प्रत्येक दिशेने येणारा आवाज त्या वळणांत थोडा वेगळा घडतो. इअरबड घातला की पाळीचं काम संपतं. हेडफोनने ती झाकलीच जाते. मग मोठ्याने हॉर्न वाजला तर ऐकू येतो, पण कुठून, ते डोकं वळवल्याशिवाय कळत नाही.

गोंगाट मिटवणाऱ्या हेडफोनचा धोका आणखी वेगळा. त्यातला मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करून तो पुसतो. ही युक्ती खालच्या सुरातल्या, सतत चालणाऱ्या आवाजावर सर्वांत चांगली चालते. इंजिनाची घरघर आणि टायरांचा रस्त्यावरचा आवाज नेमके याच जातीचे असतात. विमानात जी गोष्ट वरदान आहे, ती रस्त्यावर जवळ येणाऱ्या वाहनाची पूर्वसूचना पुसून टाकते. विजेवरची वाहनं कमी वेगाला इतकी शांत असतात की, युरोपीय संघात नव्या विजेच्या मोटारींना २०२१ पासून ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला कृत्रिम आवाज करणं बंधनकारक आहे. ज्यांच्यासाठी तो आवाज केला जातो, त्यांचे कान मोकळे असतील हे त्यात गृहीत आहे. अमेरिकेत २००४ ते २०११ या काळातल्या, हेडफोन घातलेल्या पादचाऱ्यांच्या ११६ अपघातांची नोंद संशोधकांनी तपासली. निम्म्याहून अधिक अपघात रेल्वेगाडीचे होते, आणि २९ टक्के नोंदींत धडकेआधी हॉर्न किंवा इशारा दिल्याचा उल्लेख होता.

सगळा दोष हेडफोनवर ढकलणंही बरोबर नाही. २०१० मध्ये छापलेला आयरा हायमन यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यापीठाच्या आवारात एकचाकी सायकलवर एक विदूषक फिरत होता. फोनवर बोलत जाणाऱ्यांपैकी फक्त २५ टक्क्यांना तो दिसल्याचं आठवलं. एकट्याने, काही न वापरता चालणाऱ्यांपैकी निम्म्यांना, आणि संगीत ऐकणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना. म्हणजे डोळ्यांसमोरची गोष्ट न दिसण्याला मुख्यतः संभाषण कारणीभूत आहे. सोबत चालणाऱ्याशी बोलणं चालतं, कारण रस्ता ओलांडताना तोही गप्प होतो. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही, तो बोलतच राहतो.

रहदारीत आणखी एक गोष्ट हळूच घडते. आजूबाजूचा आवाज वाढला की आपण त्याच्या वर जाईल इतका व्हॉल्यूम चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, तर ९० डेसिबलचा फक्त ४ तास. दहा डेसिबलची चढण म्हणजे ऊर्जा दहापट. रोज पाऊण तास मोठ्या आवाजात ऐकत चालणाऱ्याचे आठवड्याचे चार तास चालण्यातच संपतात. आतल्या कानातल्या केशपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

चाल आणि मान

फोनवर टाइप करत चालणाऱ्यांचा वेग एका मोजणीत सुमारे एक तृतीयांशाने घटला आणि सरळ रेषेपासून बाजूला भरकटणं ६१ टक्क्यांनी वाढलं. पावलं आखडतात, पाय जमिनीवरून सपाट सरकतात, आणि उंचवटा आला की ठेच लागते.

हात मोकळे असण्याचं महत्त्व कमी लोकांना माहीत असतं. उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे येतो आणि धडाचं वळणं तोलून धरतो. हात अंगाशी धरून चालायला लावलं तेव्हा शरीराला सुमारे १२ टक्के जास्त ऊर्जा लागल्याचं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. एका हातात फोन धरला की तो हात आखडतो, खांदा वर चढतो, आणि मानेच्या त्या बाजूला दुखणं सुरू होतं.

मानेचा हिशेब सोपा आहे. डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. ते सरळ असताना भार मणक्यावर उभा पडतो. पुढे झुकवलं की तरफेच्या नियमाने भार वाढतो, आणि संगणकीय नमुन्यावर केलेल्या एका गणनेत ६० अंश झुकवल्यावर तो २७ किलोंपर्यंत गेला. नमुन्यातला आकडा प्रत्येकाच्या मानेला तंतोतंत लागू होणार नाही, पण दिशा बरोबर आहे. चालताना नजर पाच-सहा मीटर पुढे आणि अधूनमधून क्षितिजाकडे असावी. जवळ पाहताना डोळ्यातला भिंगाचा स्नायू आवळलेला असतो आणि दूर पाहिलं की सैल पडतो, म्हणून दिवसभर पडद्यासमोर असलेल्यांना ही दूरची नजर विशेष मानवते.

कान मोकळे असले की स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो, आणि त्यातून बरंच कळतं. 'थप्प' असा सपाट आवाज येत असेल तर पाऊल फार पुढे टाकलं जातंय. ते थोडं आखूड करा. एका पायाचा आवाज दुसऱ्यापेक्षा जड असेल तर कुठेतरी लंगडणं आहे. बुटाचा तळ एका बाजूने झिजलाय का, ते पाहा. श्वास ऐकू आला की वेगाचाही अंदाज येतो. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम श्रमाचा वेग. याला मिनिटाला साधारण १०० पावलं पडतात. पंधरा सेकंदांत २५ मोजली की झालं.

वाट लक्षात राहणं

जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या की, ज्या ठरावीक जागी पोचल्यावरच चेततात. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी जागेचं जाळं आखणाऱ्या पेशी शोधल्या, आणि २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. हाच हिप्पोकॅम्पस नव्या आठवणी साठवतो. लंडनमध्ये २०१७ साली झालेल्या अभ्यासात २४ जणांनी शहराच्या एका भागातून संगणकावर वाट काढली. स्वतः रस्ता शोधताना, नव्या गल्लीत शिरल्याबरोबर त्यांच्या हिप्पोकॅम्पसची क्रिया उसळायची. यंत्राने सांगितलेल्या वळणांवर जाताना तसं काही झालं नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा ओळखीच्या भागातच, पण न गेलेल्या गल्लीतून, नकाशाशिवाय जाऊन यावं. हरवण्याची भीती असेल तर प्रत्येक वळणावर मागे वळून एकदा पाहा, कारण परतताना रस्ता त्याच बाजूने दिसणार असतो. बहुतेक जण चुकतात ते हे न केल्यामुळे.

निघण्याची तयारी

फोन सोडवत नाही याचं कारण दर वेळी व्यसन नसतं. घड्याळ, नकाशा, टॉर्च, पैसे, पावलांची मोजणी, अडीअडचणीला संपर्क, एवढी कामं त्याच्याकडे आहेत, आणि त्यातलं एक जरी अडलं तरी माणूस दुसऱ्या दिवशी फोन घेऊनच निघतो. म्हणून ती कामं आधी वाटून द्यावीत.

वेळेसाठी साधं मनगटी घड्याळ. स्मार्ट घड्याळ नको, सूचना तिथेही येतात. तेच वापरायचं असेल तर एअरप्लेन मोडवर टाका. घड्याळ पाहून १५ मिनिटं एका दिशेने जायचं आणि मागे वळायचं, म्हणजे अर्ध्या तासाची फेरी नकाशाशिवाय आपोआप बसते. खिशात घराची किल्ली, थोडे रोख पैसे आणि एक चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीवर नाव, रक्तगट, काही आजार वा ॲलर्जी असेल तर ती, आणि दोन नातेवाइकांचे नंबर लिहावेत. घरातल्या कुणाला तरी 'अमुक रस्त्याने जातेय, पावणेसातपर्यंत येईन' असं सांगून निघावं. अंधार असेल तर छोटी टॉर्च आणि फिकट रंगाचे कपडे.

पावलं मोजायची सवय असलेल्यांना सर्वांत जड जातं. मोजली नाहीत तर चालणं वाया गेलं असं त्यांना वाटतं. जॉर्डन एटकिन यांनी २०१६ मध्ये दाखवलं की, पावलं मोजणारे लोक जास्त चालतात, पण त्यांना चालण्यातली मजा कमी वाटते, आणि मोजणं हे काम होऊन बसतं. दहा हजार हा आकडाही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. तो १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून पसरला. मोजल्यावाचून राहवत नसेल तर वेळेवरून काढा: मध्यम वेगाची ३० मिनिटं म्हणजे सुमारे ३,००० पावलं.

काहींनी फोन घरी ठेवू नये, आणि त्यात कमीपणा काही नाही. इन्सुलिन घेणारे, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास असलेले, गरोदर स्त्रिया, सुनसान रस्त्याने एकट्याने जाणारे, घरी आजारी माणूस वा तान्हं बाळ असलेले. अशांनी ठरावीक दोन-तीन नंबरांचेच कॉल येतील अशी सोय करावी. बाकी सूचना आणि इंटरनेट बंद करून फोन पाठीवरच्या पिशवीत, चेन लावून ठेवावा. तो काढायला थांबून पिशवी उतरवावी लागली पाहिजे. एवढा अडथळा बहुतेक वेळा पुरतो.

पहिली दहा मिनिटं

बहुतेक लोक इथेच सोडून देतात, म्हणून याबद्दल थोडं जास्त लिहितो. व्हर्जिनिया विद्यापीठातले टिमोथी विल्सन आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये लोकांना नुसते विचार करत १५ मिनिटं एकटं बसवलं. खोलीत विजेचा सौम्य झटका देणारं एक बटण होतं. तो झटका नको म्हणून आपण पैसे मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी स्वतःला झटका देऊन घेतला. रिकामं मन सुरुवातीला इतकं अस्वस्थ असू शकतं. तेव्हा पहिल्या दिवशी चुळबुळ झाली, मांडीवर नसलेल्या फोनची थरथर जाणवली, 'काहीतरी राहिलं' असं वाटलं, तर ते ठरल्याप्रमाणेच चाललंय असं समजा.

ती वेळ पार पाडायला लक्षाला हलकंसं काम द्यायचं. सर्वांत जवळचा आवाज शोधा, तो बहुधा स्वतःच्या कपड्यांचा किंवा पावलांचा असतो. मग त्याच्या पलीकडचा, मग आणखी पलीकडचा, असं करत ऐकू येणाऱ्या सर्वांत लांबच्या आवाजापर्यंत जा. दोन-तीन मिनिटं पुरेत. नंतर नजर वर न्या, झाडांचे शेंडे, छपरं, ढगांची दिशा. आपण बहुतेक वेळ डोळ्यांच्या पातळीखालचंच पाहतो. हे काम संपलं की नवं देऊ नका. पहिली दहा मिनिटं अशी पार पडली की पुढे मन आपोआप भटकायला लागतं, आणि तिथून खरी फेरी सुरू होते. म्हणूनच दहा मिनिटांच्याच फेऱ्या मारणाऱ्यांना 'काही फरक पडला नाही' असं वाटतं. पहिल्या आठवड्यात १५ मिनिटं, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ३०, असं वाढवावं, आणि सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस. बाकीच्या दिवशी गाणी ऐकत चाललात तरी बिघडत नाही. जोरात चालताना किंवा पळताना तालबद्ध संगीताने श्रम कमी जाणवतात, तो त्याचा खरा उपयोग आहे.

जिथे गाडी अडते

काहींचं मन भटकत नाही, एकाच काळजीभोवती फिरत राहतं. तेच भांडण, तीच चूक, तोच अपमान. शांत चालणं इथे उलटही पडू शकतं. निघण्याआधी त्या काळजीबाबत पुढची एक कृती कागदावर लिहावी: काय करायचं, कधी, कुणाशी बोलून. अर्धवट राहिलेली कामं मनात घुसत राहतात, आणि त्यांचा ठोस बेत केला की ती बरीच शांत होतात, हे २०११ मध्ये प्रयोगांत दिसलं आहे. जागेनेही फरक पडतो. ग्रेगरी ब्रॅटमन यांच्या २०१५ च्या अभ्यासात ९० मिनिटं निसर्गात चालल्यावर स्वतःविषयीचं असं घोळणं कमी झालं, वाहत्या रस्त्याच्या कडेने चालल्यावर झालं नाही. तेव्हा विचार घोळायला लागले की वेग वाढवा, झाडांची वाट धरा, किंवा कुणाला सोबत घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खिन्न असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर चालणं चालू ठेवून डॉक्टरांकडे जावं. चालणं त्या उपचारांची जागा घेत नाही.

कानात सतत गुणगुण ऐकू येणाऱ्यांना शांततेत ती मोठी वाटते. त्यांनी अगदी निःशब्द जागा टाळून पक्षी, पाणी, वारा यांचा आवाज असलेली वाट निवडावी.

सुचलेलं विसरायला होतं, ही तक्रार रास्त आहे. खिशात कागदाचा तुकडा आणि छोटी पेन्सिल असू द्या. तेही नको असेल तर सुचलेली गोष्ट वाटेतल्या एखाद्या ठळक खुणेला बांधा, म्हणजे त्या वळणाजवळ ती मुद्दाम एकदा पुटपुटा. परतताना ते वळण आलं की ती बहुधा आठवते. दोन-तीन गोष्टींपर्यंत हे नीट चालतं, पुढे घोटाळा होतो.

आणि घरी पोचल्याबरोबर फोन उचलू नका. बूट काढा, पाणी प्या, सुचलेलं लिहून घ्या, मग पाच-दहा मिनिटांनी बघा. आधी मेसेज उघडले की लिहायचं काय होतं ते हमखास निसटतं. लगेच उत्तर मिळायची सवय लागलेल्यांना एकदाच सांगून ठेवावं की, या वेळेत फोन जवळ नसतो आणि अगदीच तातडीचं असेल तर घरातल्या अमक्याला फोन करा. पहिल्या आठवड्यात दोन-तीन वेळा विचारणा होते, नंतर लोक तुमची वेळ लक्षात ठेवतात.